दादाची नळी

३ नोव्हेंबर
इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मॅडमच्या नळ्या पोचवल्या. त्या कॉम्प्युटरवर रक्तवाहिनीचं गणित मांडणार, मी तीच वाहिनी सिलिकॉनची करून पंपावर ताणून बघणार, अशी आमची वाटणी. पंपही माझाच, द्राक्षाच्या फवारणी पंपावरून बेतलेला. शाळा नववीत सुटली. लेथ, भूमिती, इंग्रजी ड्रॉइंग सगळं आपलं आपण. कॉलेजातल्या कुणाला एकसारख्या जाडीची नळी ओतून दाखव म्हणावं.

६ नोव्हेंबर
दादाला घेऊन गंगापूर रोडला, सर्जनकडे. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलीय. फुटली तर संपलं. ऑपरेशन या महिन्यातच करा म्हणाले. पाठीत किंवा पोटात एकदम दुखलं तर घरी थांबायचं नाही.
दादाला घेऊन परत निघालो. गिरणारे गाव जवळ आल्यावर म्हणाला, "बापू, बाग काढल्याबिगर मी टेबलावर झोपणार नाय." म्हणजे द्राक्षं उतरेपर्यंत फेब्रुवारी संपेल. मग म्हणाला, "तू त्याच नळ्या करतो ना? माझी करून बघ. तू म्हणशील तसं करू."
सर्जनपेक्षा माझा शब्द. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

९ नोव्हेंबर
स्कॅनच्या फिल्मवरून मापं घेतली. मॅडमना विचारलं नाही, घरचं काम. मेणाचा गाभा लेथवर कातला; त्याभोवती सिलिकॉन ओतायचं, मग मेण वितळवून काढायचं. फुगा एका अंगाला कललेला दिसतो. तो मधोमध घेतला. वाकडं काम आपल्या लेथवर होत नाही, ते गोलच काततं.
ताण = दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट. बॉयलरच्या जुन्या पुस्तकातून शिकलो तेव्हापासून कधी चुकलेलं नाही.

१३ नोव्हेंबर
नळी सुरेख. जाडीत कुठे केसाचा फरक नाही. पंप लावला, दादाच्या बीपीच्या दीडपट दाब. मग दुप्पट. टिकली.
फोन केला. "दादा, फेब्रुवारीपर्यंत काही होत नाही."
"बघ! वैनीला सांग तुझ्या. लय डोकं खाती." फोन वहिनीकडे. ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, नक्की ना?"
नक्की म्हणालो.

२१ नोव्हेंबर
मॅडम वर्कशॉपला आल्या. दादाची नळी रॅकवर होती. हातात घेतली, उजेडात फिरवली. कुणाची? सांगितलं. फिल्म मागितली. बराच वेळ बघत होत्या.
"फुगा सरळ का केलात? आणि जाडी कुठून आणली? ती या स्कॅनमध्ये दिसत नाही."
एकसारखी धरली म्हणालो.
"माणसात एकसारखी नसते हो. फुगतो तिथे कुठेतरी पातळ होतेच. म्हणून कितीला फुटेल याचा मी एक आकडा देत नाही. इथपासून इथपर्यंत, एवढंच सांगते."
मी बोलून गेलो, उत्तर द्यायचं नाही तर गणित कशाला करता? चहा न घेता गेल्या.

२२ नोव्हेंबर
काम सुचत नाही. त्यांचं खोटं आहे हे दाखवायचं तर एकच मार्ग, त्या म्हणतात तशीच नळी करून बघायची.

२६ नोव्हेंबर
गाभा हाताने कोरला, फुगा कललेला. तो साच्यात मुद्दाम एका बाजूला सरकवून सिलिकॉन ओतलं, म्हणजे नळीची एक बाजू पातळ. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून वाईट काम केलं.
फाटली. पंपाचा दाब दादाच्या बीपीच्या जरा वर गेला आणि फाटली. सर्वांत रुंद जागी नाही, बाजूला, पातळ होती तिथे. पाणी भिंतीपर्यंत उडालं.
दादाची रक्तवाहिनी हिच्यासारखी का पहिल्या नळीसारखी, हे मला कळायला मार्ग नाही. मी नक्की म्हणालो होतो.

२७ नोव्हेंबर
मळ्यावर गेलो. दादा ट्रॅक्टरवर, फवारणीचा ब्लोअर चालू. बंद करायला लावला. फाटकी नळी दाखवली. त्याने भोकात बोट घातलं, फिरवलं.
"मॅडमनं कान भरले का रे?"
म्हटलं, मी स्वतः केली, स्वतः फोडली.
"मंग पहिली कुणी केली होती?"
उद्या सर्जनकडे चल म्हणालो. फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं.
"तू दोन नळ्या करशील, मी दोनदा जीव टांगू का? ही फवारणी मारू दे. बुरशी थांबत नाय." ट्रॅक्टर चालू केला. वहिनी बांधावर उभी होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२८ नोव्हेंबर
सर्जनशी फोनवर बोललो. म्हणाले, पेशंटला आणा. मी दुसरं काय करतोय? दोनदा फोन केला, दादा उचलत नाही.

१ डिसेंबर
दवाखान्यात, बाकावर. सकाळी वहिनीचा फोन आला. पहाटेपासून यांची पाठ धरलीय, तुम्हाला सांगू नको म्हणाले. अॅम्ब्युलन्सला थांबलो नाही, मागच्या सीटवर घालून आणला. वाटेभर शुद्धीत होता. रंग मेणासारखा.
सर्जन म्हणाले, गळतंय बहुतेक, उघडल्यावर कळेल.
स्ट्रेचर आत नेताना दादाने माझी बाही धरली. "बापू, मी पहिली का दुसरी?"
वॉर्डबॉयने ढकललं. दार मिटलं.
वहिनी समोर बसलीय. दादाचा प्रश्न तिनेही ऐकलाय.