शेवंतीच्या पानांची पिओनी

दुसरा महिना, अष्टमी

मालक क्वाँगने गोऱ्यांच्या देशातली बशी आणली. आपलीच फुलं बघून तिकडच्या कोणीतरी रंगवलेली — पिओनीच्या देठाला शेवंतीची पानं, आणि फूल पांढरंफटक! "हे जेवायला मांडायचं की तिरडीवर?" बाबा म्हणाले. मालकाला बाबांकडून अशाच रंगवून हव्यात, गोऱ्यांना विकायला, जहाजभर. बाबांनी बशी अंगणात आपटली.

नवमी

मालकाची माणसं आली. बाबांचा उजवा हात रंगाच्या खलावर दाबून बत्त्यानं ठेचला. बोटं मोडल्याचं मला चुलीपाशी ऐकू आलं. "आता काढशील?" — मालक. बाबा त्याच्या जोड्यावर थुंकले. परत बत्ता.

द्वादशी

आमच्या धंद्यात चित्राची रेघ पुरुषानं काढायची, बाईनं नुसता रंग भरायचा. पण खायचं काय? मालकानं नमुन्याची दुसरी बशी पाठवली. दार लावून रेघही मीच काढते. मालकाला ठाऊक आहे. त्याला माल मिळाल्याशी मतलब.

तिसरा महिना, प्रतिपदा

बाबांनी माझी बशी पाहिली. डाव्या हातानं सणसणीत थोबाडीत दिली. ओठ फुटला. बोलणं बंद.

चौथा महिना, षष्ठी

जकातीच्या साहेबांच्या आईची सत्तरी. मालकानं आमचीच ताटं भेट दिली — "गोरे यांच्यापायी वेडे होतात, म्हातारी का होणार नाही?" मयताची पांढरी फुलं, जित्या बाईला! साहेबांनी मालकाला चौकात बांबूनं फोडला. मांड्यांची सालटी लोंबत होती म्हणे. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी कळलं, ताटं कोणी काढली म्हणून विचारल्यावर मार खाताना त्यानं माझं नाव घेतलंय.

सप्तमी

शिपायांनी मला केसांना धरून ओढत बाहेर काढलं. बाबा आडवे आले. "बाई कधी रेघ काढते का? ती रंग भरते. रेघ माझी."

शिपाई हसले. "या पंजानं?"

"पोरी, कुंचला बांध," बाबा म्हणाले. महिन्याभरानं माझ्याशी बोलले ते एवढंच. मी चिंधीनं कुंचला त्यांच्या ठेचक्या हाताला आवळला. जखमा उकलल्या, रक्त मनगटावरून कोऱ्या बशीच्या काठावर आलं. त्यांनी पिओनी काढली. देठाला शेवंतीची पानं काढली, एकेक, सावकाश.

शिपायांची खात्री पटली. बाबांना तिथूनच मारत नेलं.

दशमी

प्रेत आज मिळालं. उशाशी बाबांनी काढलेली तीच बशी ठेवली. रंग भरला नाही, फूल पांढरंच राहू दिलं.