ब्रुसेल्सला गेलेली कॅसेट

शुक्रवार, ६ सप्टेंबर १९९१, इल्फर्ड, लंडन

केलं! विचारलं नाही, सांगितलं नाही – केलं.

फ्लोरा आत्या चिकाचा हलवा हलवत होती आणि माझ्या पिशवीत रेकॉर्डर चालू होता. पिशवी मांडीवर, वर टॉवेल, पुढ्यात बदाम कापायची फळी. दोन बदाम हातातून खाली पडले. आत्या म्हणाली, "काय झालंय आज तुला? चोरी करून आल्यासारखी बसलीयेस!"

करतच होते.

विचारलं असतं तर ती गायलीच नसती. मशीन दिसलं की तिचं तोंड बंद. ठाण्याला असताना शंभर माणसांपुढे कीर्तन करायची – तोरा या आमच्या धर्मग्रंथातल्या गोष्टी, मराठीत, पेटीवर. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी कोणाच्या तरी घरी समारंभात तिने सुरुवात केली, दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या, आणि पप्पा घरी येऊन म्हणाले, "ताई, इथे नको. आधीच यांना वाटतं आपण नाटकातले ज्यू आहोत." त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून ती फक्त स्वयंपाकघरात गाते, तेही पप्पा कामावर गेल्यावर. योसेफाचं ते कीर्तन या देशात दुसऱ्या कोणाला येत असेल असं वाटत नाही. आणि ती अडुसष्ट वर्षांची आहे.

आज विहिरीचा भाग गायली. भावांनी योसेफाला विहिरीत टाकलंय आणि तो खालून ओरडतोय – "विहिरीतून आली हाक, भावा, कान दे." मग मागच्यांनी म्हणायचं, "कान दे, भावा, कान दे." मागचे म्हणजे मी. मला आवाज नाही, मी नुसती ओढत राहते. पण धरलं नाही तर ती थांबते. म्हणते, "मागे कोणी नसेल तर ते कीर्तन नव्हे, पुटपुटणं!"

मेणबत्त्या लावायची वेळ झाली. कॅसेटवर नाव घालायचं राहिलं. आता उद्या रात्री शब्बाथ संपेपर्यंत पेन धरायचं नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

आज संध्याकाळी नव्याचा सण, आमचं नवं वर्ष, म्हणून हे घाईत.

उदय उद्या ब्रुसेल्सला जातोय – व्हॅन, मग ओस्टेंडची फेरीबोट. मी त्याच्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला आहे; तिथल्या बेल्जियन रेकॉर्डवर लावायची कार्डं मी लिहिते: गाणं कशाचं आहे, शब्द काय आहेत. माझ्या फ्रेंचचा आजवर झालेला एकमेव उपयोग. प्रत्येक रेकॉर्ड तीनदा ऐकल्याशिवाय मी कार्ड लिहीत नाही. उदय म्हणतो, "सोफी, हे कार्ड आहे, कोर्टाचा साक्ष नाही." (इथेच, स्लाऊला वाढलेला. त्याच्या मराठीत साक्षसुद्धा पुरुष.) गिऱ्हाइकांना अमेरिका हवी असते. काल एकजण म्हणे विचारत होता, "बेल्जियम? चॉकलेटवर रॅप करतात का?"

मला मात्र त्यांचं आवडतं. बेनी बी ब्रुसेल्सचा, फ्रेंचमध्ये रॅप करतो, फ्रान्समध्येसुद्धा चालला. दिदिएला तो फार गोड वाटतो. दिदिए म्हणजे ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात राहणारा, उदयचा तिथला मित्र. त्याचा ग्रुप चार जणांचा आणि पहिली रेकॉर्ड याच महिन्यात निघायची आहे. त्याला आठ ओळी इंग्लिशमध्ये म्हणायच्या आहेत, पण जोर कुठे द्यायचा कळत नाही. म्हणून मी वाचून पाठवायच्या.

आत्ताच वाचल्या. ड्रॉवरमध्ये एक कोरी कॅसेट मिळाली, तिच्यावर. स्वतःचं बोलणं मला ऐकवत नाही, त्यामुळे न तपासताच उदयकडे देऊन आले. न तपासता! मी!

बुधवार, ११ सप्टेंबर

सण छान झाला. हलवा घट्ट, गुलाबी. आत्याने शेजारच्या मिसेस गोल्डबर्गना वडी दिली, त्यांनी रेसिपी मागितली, आत्या म्हणाली, "हात तीन तास थांबवायचा नाही, एवढीच रेसिपी."

आज तिची कॅसेट ऐकायला म्हणून ड्रॉवर उघडला.

नाही.

सगळं बाहेर काढलं. नाही. कोरी कॅसेट कोरी नव्हतीच. शुक्रवारी नाव घातलं नाही, शनिवारी घालता आलं नाही, आणि रविवारी मी तिची दुसरी बाजू लावून आठ ओळी वाचल्या. आत्याचं कीर्तन ब्रुसेल्समध्ये आहे.

दम्यामुळे सात वर्षांची होईपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं. आत्याच माझी शाळा. पाटी, बाराखडी – आणि सगळ्यांत आधी हे, की विचारल्याशिवाय दुसऱ्याची पेन्सिलसुद्धा उचलायची नाही. ते तिने शिकवलं. मला!

पण कोण ऐकतंय दुसरी बाजू? दिदिए आपल्या ओळी ऐकेल आणि ठेवून देईल. नक्की. नाही का?

गुरुवार, १२ सप्टेंबर

ऐकली.

उदय दुपारी परत आला. व्हॅन दुकानासमोर आडवी लावून आत येतानाच ओरडला, "सोफी! तुझा टेप! मॅड आहे तो! कोण आहे ती बाई?"

"कुठली बाई?"

"नाटक नको. दिदिए तीन दिवस झोपला नाही त्याच्यावर."

त्याने वॉकमन माझ्या कानाला लावला. आधी खर्र-खट, खर्र-खट. मला कळेचना. मग कळलं. उलथनं! पातेल्याच्या तळाला घासणारं आत्याचं उलथनं, त्याचा त्यांनी ताल केलाय. त्यावर ड्रम. त्यावर दिदिए फ्रेंचमध्ये, लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीतल्या त्याच्या आईबद्दल. आणि मध्ये मध्ये तो आवाज, सॅम्पलरच्या मशीनवर सूर खाली उतरवलेला, जाड, काळोख्या जागेतून आल्यासारखा – "कान दे, भावा, कान दे."

मी काउंटर धरून उभी राहिले. लाज, भीती, सगळं होतंच. पण खरं लिहायचं तर आधी वेगळंच झालं. अंगावर काटा आला. इतकं चांगलं मी वर्षभरात काही ऐकलं नव्हतं.

उदय म्हणाला, "रडतेस का? चांगला आहे ना?"

"ती माझी आत्या आहे. तिला माहीत नाही."

"ओ." त्याने वॉकमन बंद केला. "सांगू नकोस ना मग. बेल्जियम आहे ते. कोणाला कळतंय?"

मला कळतंय ना!

शुक्रवार, १३ सप्टेंबर

दुकानातून दिदिएला फोन केला. बोलायचं सगळं फ्रेंचमध्ये लिहून घेतलं होतं: माझी चूक झाली, गाणं काढून टाका. दोन वाक्यं वाचली आणि त्याने विचारलं, "तो माणूस कुठून हाक मारतोय?" मी सांगितलं – विहिरीतून. भावांनी टाकलंय त्याला. म्हणाला, "माझ्या आईला हे सांगायला हवं."

पुढचं, गाणं काढून टाकायचं वाक्य मी वाचलं नाही.

त्याचं म्हणणं स्पष्ट आहे. नाव हवं, सही हवी. "आमच्याकडे हे होऊन गेलंय," म्हणाला. टेक्नोट्रॉनिक या त्यांच्याकडच्या ग्रुपबद्दल बोलत होता – दोन वर्षांपूर्वी इथेही सगळीकडे वाजत होते ते. स्लीव्हवर, म्हणजे रेकॉर्डच्या कव्हरवर, एका मॉडेलचा चेहरा आणि गाणारी मुलगी दुसरीच. "माझ्या रेकॉर्डवर तसं नको. जिचा आवाज, तिचं नाव. नसेल तर तुकडा काढतो." फॅक्सने कागद पाठवलाय. त्यावर दोन रेघा. एक नावाची, एक सहीची. स्लीव्ह मंगळवारी दुपारी छापायला जाणार. इथले बारा वाजेपर्यंत कागद परत हवा.

मंगळवारी संध्याकाळी दरफनीचा सण लागतो, उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा. इथले लोक योम किप्पूर म्हणतात. त्याच्या आत ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जाऊन माफी मागायची असते. आपण मागितल्याशिवाय देवसुद्धा ते मिटवत नाही, असं आत्यानेच सांगितलंय.

म्हणजे सांगायचं तर आहेच. प्रश्न तो नाही. सांगितलं की ती स्वयंपाकघरातसुद्धा गाणार नाही. मी तिला ओळखते. चिडणार नाही, बोलणार नाही. नुसती गप्प होईल. तेवढी एक जागा उरली होती तिला, आणि तिथे मी मशीन नेलं.

मेणबत्त्या.

रविवार, १५ सप्टेंबर

तीनदा प्रयत्न केला.

सकाळी ती पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. मी म्हटलं, "आत्या, एक सांगायचं होतं." म्हणाली, "सांग ना." मी म्हटलं, "इस्त्री फार गरम आहे." शाब्बास, सोफी!

दुपारी ती भांडी घासताना गुणगुणत होती. विहिरीचीच ओळ. मी दाराशी उभी राहिले आणि सांगणं राहिलंच, ऐकत बसले. तेवढ्यात पप्पांची किल्ली दारात वाजली आणि ती ओळीच्या मध्यावर थांबली. पप्पा आत येऊन म्हणाले, "कोण गातंय?"

आत्या म्हणाली, "रेडिओ."

आमच्या स्वयंपाकघरात रेडिओ नाही. पप्पांना ते माहीत आहे. त्यांनी कोट काढला आणि पेपर उघडला.

मला एकदम राग आला! कोणाचा ते कळलं नाही. संध्याकाळी तिसऱ्यांदा गेले तर ती झोपली होती.

सोमवार, १६ सप्टेंबर

दिवसभर एकही कार्ड लिहिलं नाही. उदयने विचारलं, "सांगितलास?" नाही. "मग मीच सही करतो आत्याचा." मी इतक्या जोरात "नाही" म्हणाले की एक गिऱ्हाईक हातातली रेकॉर्ड ठेवून निघून गेलं.

मंगळवार, १७ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ

पप्पा गेले. आत्या खाली उपासाआधीच्या जेवणाची तयारी करतेय, कांदा चिरल्याचा आवाज येतोय.

ठरवलंय ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पळता येणार नाही. आधी सांगायचं, मग ऐकवायचं, मग माफी. याच क्रमाने. आधी ऐकवलं तर मी गाण्याच्या आड लपल्यासारखं होईल. कागद दाखवायचा, पण सही कर म्हणायचं नाही. ती नको म्हणाली तर बाराच्या आत फोन करून तुकडा काढायला लावायचा आणि उदयने वॉकमनसकट दिलेली कॉपी पुसायची. तिच्यासमोर.

ती परत गाणार नसेल तर – त्यावर काही लिहिता येत नाही.

कांद्याचा आवाज थांबला. जाते.

मंगळवार, १७ सप्टेंबर, दुपारी साडेबारा

सांगितलं. सगळं, क्रमाने. ओले हात पुसून तिने वॉकमन घेतला. एकदा ऐकलं. परत लावायला सांगितलं. डोळे मिटून, बोटं ओट्यावर.

मग म्हणाली, "माफी कसली मागतेस? माझं यात काही नाहीच."

मला वाटलं, रागावून बोलतेय.

"अगं, नीट ऐक. उलथनं कुठे वाजतंय? लांब, चुलीपाशी. तिथे मी होते. आणि हा आवाज? मशीनच्या तोंडाशी. मशीन कोणाच्या मांडीवर होतं?" वॉकमन माझ्या कानाला लावला. "आणि 'भावा' असं मी नाही ओढत. मागचे ओढतात. ही तू आहेस, सोफे. माझं फक्त उलथनं."

मी पाच दिवस ऐकत होते.

बाराला दहा मिनिटं असताना उदयच्या दुकानातून फॅक्स गेला. खालच्या रेघेवर सही. वरच्या रेघेवर पूर्ण नाव, आत्याने पाटीवर लिहायला शिकवलं होतं तसं, मध्ये पप्पांचं – सोफी नॅथन तळकर.

पप्पा पाचला येतात.