कपटरावांच्या मृत्यूबाबत

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार. (टेबलावर पाठ वाकवून चित्रं काढण्यात हयात गेली, तेव्हा वाकायला वेगळे कष्ट पडत नाहीत.) मामींच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा आहे. तुमची तब्येत विचारत नाही, कारण ती विचारली की तुम्हाला राग येतो, आणि राग आला म्हणजे तब्येत ठीक आहे हे आम्हाला कळतं.

पत्रास कारण की, आमचं चित्रकथांचं मासिक बंद होतंय आणि शेवटच्या अंकात कपटरावांना मारायचं, असा संपादकांचा हुकूम आहे. कपटराव म्हणजे माझ्या मालिकेतले खलनायक. त्यांना मी तुमचं नाक दिलं, मिशा दिल्या, आणि तुम्ही वजनमापं तपासणारे साहेब असताना अख्खा बाजार जिला घाबरायचा ती वर चढलेली डावी भुवईही, तुम्हाला न विचारता, देऊन टाकली. त्यावरून तुम्ही माझ्या लग्नात जेवला नव्हतात, हे मी विसरलेलो नाही. (मामी दोनदा जेवल्या, हेही.) पण मामा, मालिकेला एक देखणा, सद्गुणी नायक होता, त्याच्याकडे वाचकांनी ढुंकून पाहिलं नाही. तुम्ही भुवई उचललीत आणि माझ्या घरची चूल पेटली. गोष्ट मी लिहितो, चित्रं मी काढतो, शाई मी भरतो. घर मात्र तुम्ही चालवता. आता अशा माणसाला कुठल्या हाताने मारायचं?

तरी हुकूम तो हुकूम. माझी पद्धत अशी की जो चेहरा काढायचा तो आधी आरशात स्वतः करून बघायचा. त्यामुळे सकाळभर मी आरशापुढे मरत होतो. बायको दारात आली, क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "मरून झालं की सिलिंडरवाल्याला फोन करा." वीस वर्षांच्या संसारात माणूस सगळ्याला सरावतो.

अखेर कपटराव कागदावर पडले. सुटलेली मूठ, मिटलेले डोळे, बाजूला घरंगळलेली काठी. पण भुवई वर! खोडून खाली काढली, तर कुणी भलतेच गृहस्थ वारल्यासारखे दिसू लागले. पांढरा रंग चढवून चढवून कागदाला पापुद्रे सुटले. शेवटी भुवईसकट नेऊन दाखवलं. संपादकांनी चष्मा पुसला.

"अहो, हा मेलेला नाही. शोकसभेला उशीर का केलात, म्हणून विचारतोय आपल्याला."

"त्यांचा चेहराच तसा आहे."

"कुणाचा?"

"मामांचा."

त्यांनी चित्र माझ्यापुढे परत सरकवलं. मग म्हणाले, "मामांना पडायला सांगा आणि एक फोटो आणा. मेल्यावर शांत दिसायला काय जातं माणसाचं?"

तेव्हा विनंती अशी, की दुपारी तुमचा डोळा लागला की मामींनी हळूच एक फोटो काढून पाठवावा. म्हणजे मी मोकळा. एका दातांच्या डॉक्टरांना भिंतीवर लावायला दाढांची चित्रं हवी आहेत. दाढांना भुवया नसतात, तेवढीच सोय.

कळावे. लोभ धरा म्हणायची हिंमत नाही. राग आहे तेवढाच राहू द्या.

तुमचा भाचा

ता. क. आत्ताच मामींशी फोनवर बोललो. म्हणाल्या, "झोपेतसुद्धा तशीच वर असते रे ती भुवई! मला जन्मभर वाटत आलंय, माझंच काहीतरी चुकलंय." तेव्हा फोटो राहू द्या.

दुसरा ता. क. खरं सांगायचं तर मला दाढा काढायच्या नाहीत. दुसरं एक मासिक मालिका घ्यायला तयार आहे, पण कपटराव जिवंत असले तरच. आमचे संपादक माझं ऐकत नाहीत, कडक पत्राला मात्र भितात. तुम्ही दुकानदारांना धाडायचात तसल्या भाषेत दोन ओळी लिहा: माझा चेहरा वापरून मला परस्पर मारण्यास माझी सक्त हरकत आहे. मात्र लिहा ते संपादकांच्या नावे. मला लिहिलंत, तर इतक्या वर्षांनी मामांचं पत्र आलं म्हणून मी ते जपून ठेवीन, आणि कपटराव हकनाक जातील.