तांबडी वायर

वडनेर, १८ ऑक्टोबर २०१९

पूनम, आशीर्वाद शेवटी देईन. आधी हे सांग, काल फोनवर बापावर काऊन ओरडली? ‘बाबा, तांबडी वायर काळीच्या जागी लावली, धड पाहत नाही का?’ एवढ्या मोठ्यानं, की चुलीपाशी मले आयकू आलं. ते हासले आन म्हणाले, ‘चुकलं बाई.’ मग पुन्हा कपाशीतल्या त्या डब्ब्यापाशी जाऊन बसले, आन तसेच वापस आले. जेवले नाही.

पोळ्याले तू तो डब्बा वावरात गाडला. मातीत ओल किती ते तो सांगते, आन तुह्या कॉम्प्युटरात रेघ निघते. तवा मले समजावलं होतं, ‘आई, आकडा आला की लगेच मागच्याच्या खाली लिहाचा. रेघ एकेक टिंबानं पुढं जाते. शेवटी सगळं एकदम लिहू म्हटलं आन मधात लाईन गेली, तं सगळंच जाते.’ मी हाव म्हटलं. समजलं होतं मले.

पण तुह्या बाबाचं तुले सांगताना केलं उलटं. बाबानंच शपथ घातली ना. ‘पोरीले दिवाळीनंतर सरांपुढं पुऱ्या हंगामाची रेघ दाखवाची आहे, तिले मधात उठवू नको.’ फोन त्यायच्याच खिशात राह्यते. म्हणून शेजारच्या गीताबाईचा गोपाल तुह्या पुण्याले चालला, त्याच्या हाती हे कागद. आता एकाखाली एक लिहून राह्यली, वाच.

बोंडअळीचा फवारा मारताना वारा फिरला, औषध त्यायच्या डोळ्यात गेलं. पाण्यानं धुतले. म्हणे, काही नाही.

मग डोळे लाल. बीटीले अळी लागत नाही म्हणून ज्यानं बियाणं गळ्यात मारलं, त्याले मी शिव्या दिल्या. यायनं मलेच गप केलं.

मग दिव्याभोवती गोल दिसाले लागलं.

नांदुऱ्याच्या डॉक्टरनं थेंब दिले. म्हणाला, अकोल्याले मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर नका करू. हे म्हणतात, आधी कापूस घरात येऊ दे.

मग वेचताना बोंडं चाचपू लागले. हात ओरखडून घेतले सारे.

काल वायरीचा रंग.

टिंबं तुले दिली. रेघ तू काढ, आन पाह्य कोणीकडं चालली.

माहं ते आयकत नाहीत. मी बोलली की वावरात जाऊन बसतात. तू समोर उभी राह्यली तं मुकाट्यानं अकोल्याच्या गाडीत बसतीन, हे मले ठाऊक आहे. तुहे सर काय म्हणतीन ते म्हणोत.

वायर मी लावली, तांबडी तांबड्यात. डब्बा चालू झाला असंन. तो चालू झाला म्हणून खूश होऊन बसू नको.

बुधवारच्या आत गीताबाईच्या फोनवर सांग, येते का नाही. दुसरं काही नको सांगू.

आशीर्वाद आहे. तो कधी नव्हता?

तुही आई,
पंचफुला