नऊ नंबरची लाल रेघ

३ डिसेंबर
नऊ नंबर परत मेला! विहीर नाही, तिचा सिग्नल. तेलाच्या सगळ्या विहिरींचे आकडे बिनतारी येतात, आमच्या छपरावरच्या अँटेनाला धडकतात, खाली गेटवेच्या डब्यात शिरतात नि पडद्यावर हिरव्या रेघा होतात. नऊची तेवढी लाल. विषारी गॅस सुटला तर भोंगा आमच्याच खोलीत वाजणार — आकडा आला तर!

फोरमन ओराझगाली आगांनी लॅपटॉप माझ्यापुढे आपटला. "किर्गिझा, तुझा हात लागला की चालू यंत्रं बंद पडतात. आता बंद पडलेलं चालू करून दाखव. नाहीतर तुझ्या गावची, नारिनची बस पकड."

आठवी नापास माणसाच्या हाती लॅपटॉप! कंपनीची प्रगती आहे.

५ डिसेंबर
अक्ताऊ शहरातून इंजिनिअर रुफात फोनवर. "तपासणीचा प्रोग्राम उघड. डब्याला हाक मार." मारली. डबा ओ देतो. "म्हणजे डबा जिवंत. नऊचा जोर किती?" उणे ब्याण्णव. "वाईट आहे." — लाल रंग मलाही दिसतो, साहेब! केबल बदलली. तरी लाल. शेवटी हुकूम आला: "बंद करून चालू कर." एवढं शिकायला माणूस पाच वर्षं कॉलेजात जातो.

६ डिसेंबर
नऊवर झोलामान आजोबा एकटेच राखणीला. वॉकी-टॉकीवर म्हणाले, "पोरांनो, सडक्या अंड्यांचा वास येतोय."
आगा म्हणाले, "मग तेलाच्या विहिरीला काय अत्तराचा येणार? पडद्यावर काही आलेलं नाही!"
पडद्यावर येतच नाही, आगा! पण मी कोण? हातात धरायचं गॅसमीटर दुरुस्तीला गेलंय. ते परत येईल तेव्हा माझी नातवंडं ते वापरतील.

आजोबा मात्र सोन्यासारखे. गेल्या आठवड्यात हिवाळ्याच्या बेगमीला घोडा कापला, अर्धा आम्हाला धाडला. "घरापासून लांबची पोरं माझ्या शेजारी उपाशी राहिली तर लोकांना काय तोंड दाखवू?" छपरावर टांगलाय. वारा लागतो, कुत्री पोचत नाहीत.

९ डिसेंबर
नऊची रेघ अंमळ वर आली! रुफात फोनवरच फुगला — "बघ, माझा सल्ला!" आम्ही त्याच आनंदात उरलेल्या फासळ्या उकडल्या.

आजोबांचा आवाज जड. "वास गेला रे. डोकं तेवढं ठणकतंय."
आगा म्हणाले, "झालं! वासही गेला. आजोबा, वोडका जरा बेतानं!"
आजोबा नमाजी, थेंबाला शिवत नाहीत. सगळे हसले. मीही.

१० डिसेंबर
परत ठार लाल. काल आगांनी मागची मांडी पुढे सरकवून टांगली, वारा लागावा म्हणून. या कंपनीत काळजी फक्त मांसाची.

११ डिसेंबर
रुफातचा नवा शोध: अँटेनावरचा बर्फ पूस. चढलो. वर तोंड आपटलं ते थेट गोठलेल्या मांडीवर! अँटेनाच्या नाकासमोर, बरोबर नऊच्या दिशेला. पलीकडे आजोबांची खोली दिसायची ती दिसेचना. मग सिग्नलला तरी काय दिसणार?

खालून आगा ओरडले, "मांस पाडू नकोस रे!"
मी दोर कापला.
"हिरवी! अरे, हिरवी झाली!" आगा नाचायला लागले.
मग भोंगा वाजला.

रुफातला फोन लावला. तो म्हणाला, "वास गेला म्हणाले? अरे, तो गॅस वाढला की आधी नाकच मरतं."

मास्क लावून गाडी पळवली. वाटभर आगा वॉकी-टॉकीत हाका मारत होते. आजोबा, आजोबा, आजोबा.

१४ डिसेंबर
आजोबांचा मुलगा आला होता. बापाच्या सातव्या दिवसाच्या जेवणाला त्यांचाच घोडा शिजवायचाय, उरलाय का विचारलं. मी मांडी त्याच्या गाडीत ठेवून दिली. तो म्हणाला, "पोरांना आवडला ना? बाबा सारखे विचारत होते."
हो म्हटलं.