तंबू या शब्दाचा खुलासा

प्रति,
मा. छाननी अधिकारी,
जुन्या जन्म व जात नोंदींचा छाननी कक्ष,
तिसरा मजला, ठाणे.

अर्जदार : श्री. चंदू राघो केणे, वय ६८, राहणार शहाड, तालुका कल्याण.
लेखनिक : हरिहर केशव गुप्ते, निवृत्त शिक्षक, राहणार डोंबिवली (पूर्व). अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिले.

विषय : कु. जागृती हितेश केणे हिच्या जात पडताळणी प्रकरणात, तिच्या पणजोबांच्या नावापुढील ‘तंबू’ व ‘खेळ’ या दोन शब्दांचा खरा अर्थ नोंदवून घेणेबाबत. तसेच अर्जदाराने सुनावणीत दिलेले चुकीचे उत्तर मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) चौकशी पथकाचा अहवाल, दि. २ सप्टेंबर २०२५.
२) आपल्यासमोरील सुनावणी, दि. ११ सप्टेंबर २०२५.

महोदय,

१. अर्जदाराची नात जागृती हिला परिचारिका अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश मिळाला आहे. जात वैधता प्रमाणपत्र तीस सप्टेंबरपर्यंत दाखल झाले नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. आज बावीस तारीख आहे. केण्यांच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच मुलगी. गणवेश शिवून आला आहे आणि तो खुंटीवर टांगलेला आहे, हे सुरुवातीलाच नमूद करतो.

२. नियमाप्रमाणे सन १९६७ पूर्वीचा, जातीचा उल्लेख असलेला पुरावा लागतो. केणे कुटुंबाकडे असा एकच कागद आहे. गावच्या कोतवाल बुकातली अर्जदाराच्या जन्माची नोंद. ती शोधताना अर्जदाराच्या मुलाच्या नाकी नऊ आले. नोंद पुढीलप्रमाणे आहे : “३ फेब्रुवारी १९५७. मुलगा. बाप राघो. आई आवडा. जात आगरी. धंदा खेळ. ठिकाण तंबू.”

आपल्या पथकाने यावर लिहिले आहे की, ज्या अर्थी कुटुंब तंबूत राहत होते आणि खेळ करून पोट भरत होते, त्या अर्थी ते गावोगाव फिरून कसरतीचे खेळ दाखवणारे भटके कुटुंब असावे. सबब ‘आगरी’ ही नोंद व्यवसायाशी विसंगत व संशयास्पद आहे. हा परिच्छेद लेखनिकाने अर्जदाराला वाचून दाखवला तेव्हा अर्जदाराला आधी हसू आले. खेळ करून जगणाऱ्या माणसांत काही कमीपणा आहे, असे अर्जदाराचे म्हणणे नाही. ती माणसे मेहनतीची असतात. परंतु राघो केणे त्यांच्यातले नव्हते. त्यांना साधी कोलांटी मारता येत नव्हती.

३. महोदय, तंबू म्हणजे सिनेमा.

हे वाक्य शहाडमधल्या साठीपुढच्या कोणत्याही माणसाला सांगितले, तर तो यात नवीन काय सांगितले असे विचारील. कारखाना आला, पाळ्या सुरू झाल्या, हजारो माणसे बाहेरून येऊन खोल्या करून राहिली. त्यांना संध्याकाळी जायला कुठे जागा नव्हती. मग एका फिरत्या कंपनीने नदीकडच्या माळावर तंबू ठोकला. आत पुढे जमीन, मागे बाकडी, त्यामागे अकरा खुर्च्या. मधोमध कनात, पलीकडे बायका. पहिला खेळ कारखान्याचा भोंगा झाला की सुरू. भोंग्याला उशीर झाला तर सिनेमा थांबे, आणि आधीच येऊन बसलेली गावची मंडळी कारखान्याच्या नावाने बोटे मोडत.

पुढे वादळात तंबू फाटला, तेव्हा त्याच जागी पत्र्याची शेड झाली. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की पडद्यावरची माणसे नुसतीच ओठ हलवत. मग पक्की इमारत झाली, तिला ‘मोहिनी टॉकीज’ असे झकास नाव मिळाले. ते नाव फक्त तिकिटावर राहिले. लोक म्हणत, तंबूला कुठला लागलाय? विठ्ठलवाडीहून येणारे तसेच म्हणत, मोहन्याचेही तसेच म्हणत. वर सिमेंटचा स्लॅब होता, तरी लोक तंबूतच जात.

४. राघो केणे हे या तंबूचे फाटकवाले. त्यांची भाताची जमीन ज्या साली गेली, त्याच साली ते फाटकावर लागले. तिकीट फाडायचे, अर्धे परत द्यायचे, खेळाआधी जमिनीवर पाणी मारायचे, कनातीखालून डोके घालणाऱ्याला कान धरून बाहेर काढायचे, ही त्यांची कामे. यंत्र महागाचे, म्हणून फाटकवाल्याने तंबूमागेच राहावे अशी मालकाची अट होती. आवडाबाई पोटुशी असताना तिथेच राहत होत्या. अर्जदाराचा जन्म तिथेच झाला.

कोतवालाने धंदा विचारला तेव्हा राघो म्हणाले, खेळावर असतो. कोतवालाने ‘खेळ’ लिहिले. त्याचे काहीही चुकले नाही. सिनेमाच्या प्रयोगाला तेव्हा सगळे खेळच म्हणत; ‘रोज तीन खेळ’ असे भिंतींवर रंगवलेले असे. लेखनिकाने चाळीस वर्षे मराठी शिकवली आहे. एका शब्दाला दोन अर्थ असतात हे पाचवीच्या मुलाला कळते, हे आदरपूर्वक निदर्शनास आणतो.

५. पथकाने अर्जदाराला विचारले, अशी टॉकीज होती याला पुरावा काय? वाजवी प्रश्न आहे. अर्जदार तेव्हापासून पुराव्याच्या मागे फिरत आहेत. परवान्यांचे जुने दप्तर पुराच्या पाण्यात गेले, असे उत्तर मिळाले. इमारतीच्या मंजुरीत नुसता भूखंडाचा क्रमांक आहे. मोहिनी पाडली त्याला एकवीस वर्षे झाली. तिथे आता बावीस मजले उभे राहत आहेत. अर्जदार तिथे गेले असता सुरक्षारक्षकाने फ्लॅट बघायला आलात का, असे विचारले. अर्जदार म्हणाले, माझा जन्म झालेली जागा बघायला आलोय. त्याने फाटक लावून घेतले. फाटकवाल्याच्या मुलाला फाटकावरून परत यावे लागले, महोदय.

शहाडला तंबू गेला, पत्रा गेला, मोहिनी गेली. विठ्ठलवाडीच्या बाजूला भिंतीवर चुना मारून सिनेमा दाखवत, ती भिंतही गेली. यांपैकी एकाही जागी साधी पाटी नाही. कारखान्यांच्या या गावात लाखो माणसे ज्या अंधारात हसली आणि रडली, तो अंधार कोणत्याच कार्यालयाने जावक क्रमांक टाकून ठेवलेला नाही.

६. तथापि एक पुरावा मिळाला आहे, आणि तो आपल्याच कार्यालयाचा आहे. संदर्भ क्र. १ च्या अहवालाच्या पहिल्या पानावर सातव्या ओळीत लिहिले आहे : “पथक शेअर रिक्षाने तंबू येथे उतरून पायी अर्जदाराच्या घरी पोहोचले.” पुढे तिसऱ्या पानावर तेच पथक लिहिते की, परिसरात तंबू आढळून आला नाही. आढळला नाही तर पथक उतरले कुठे? रिक्षावाल्याने ‘तंबू, तंबू’ अशी हाळी दिली असणार आणि आपले अधिकारी डोके सांभाळत खाली उतरले असणार. रिक्षावाला जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. त्याने ना तंबू पाहिला, ना पत्रा, ना मोहिनी. तरी शब्द त्याच्या तोंडात आहे.

७. आता मुख्य मुद्दा. तो लिहायला अर्जदाराला जड जात आहे.

सुनावणीत आपण अर्जदाराला साधा प्रश्न विचारलात, तुमचा जन्म कुठला? जागृती शेजारीच उभी होती. घरून निघताना तिने आजोबांकडून ‘तंबू, शहाड’ हे उत्तर तीनदा म्हणून घेतले होते. अर्जदार उभे राहिले आणि म्हणाले, “कल्याणचा.” शाळेच्या दाखल्यावरही कल्याणच आहे. कोतवाल बुकात तंबू, दाखल्यावर कल्याण, तोंडी जबाबात कल्याण. आपण पेन खाली ठेवलेत.

हे खोटे बोलणे नव्हते, महोदय. ती जन्मभराची सवय होती. शाळेत मुले ‘ए तंबू’ म्हणून हाक मारत. म्हणून नाव घालताना राघोंनी मास्तरांना कल्याण सांगितले. ती सुरुवात. पुढे सन १९७८ मध्ये अर्जदाराचे लग्न ठरत होते. मुलगी कोलशेतची, मिठागरवाल्या खात्यापित्या आगरी घरातली. मध्यस्थाने येऊन सांगितले की, मुलीचे वडील विचारतायत, मुलगा तंबूवाल्यांचा म्हणतात, हे लोक नक्की कोण? म्हणजे आज आपल्या पथकाला जो संशय आला, तोच सत्तेचाळीस वर्षांपूर्वी अर्जदाराच्याच जातीतल्या माणसाला आला होता.

अर्जदाराचे तेव्हा एकवीस वय. घरात एक फोटो होता. तंबूच्या दारात राघो उभे, छातीवर पितळी बिल्ला, कडेवर लहानगा चंदू, वर कंपनीचे नाव आणि सालासकट पाटी. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी अर्जदाराने तो फोटो आणि तो बिल्ला पिशवीत घातला, शहाडच्या पुलावर गेले आणि पिशवी उल्हास नदीत टाकली. परत आले तेव्हा भिंतीवर फोटोच्या जागी पांढरा चौकोन दिसत होता. राघोंनी त्या चौकोनाकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि कामावर निघून गेले. त्यानंतर ते नऊ वर्षे जगले. त्यांनी तो विषय कधी काढला नाही आणि अर्जदारानेही काढला नाही.

आज तो फोटो असता तर हा अर्ज लिहावाच लागला नसता. हे अर्जदाराला कळते. दिवसातून अनेकदा कळते.

८. सबब विनंती की :

(अ) ‘ठिकाण तंबू’ म्हणजे शहाड येथील सिनेमागृह व ‘धंदा खेळ’ म्हणजे तेथील नोकरी, असे नोंदवून घ्यावे.

(आ) अर्जदाराचा ११ सप्टेंबरचा तोंडी जबाब रद्द करून फेरसुनावणी तीस तारखेच्या आत ठेवावी. अर्जदार सकाळी नऊपासून आपल्या दाराशी उभे राहतील. पुन्हा तोच प्रश्न विचारावा. या वेळी उत्तर बरोबर येईल.

(इ) एवढेही जमत नसेल, तर दोष अर्जदाराचा आहे असे स्पष्ट लिहून खोटी माहिती दिल्याबद्दल जी शिक्षा असेल ती अर्जदाराला द्यावी. ती भोगायला ते तयार आहेत. मात्र आजोबाला लाज वाटली म्हणून नातीची जागा जाऊ नये. तिने कुणाचा फोटो बुडवलेला नाही.

लेखनिकाने कलम (इ) गाळण्याचा सल्ला दिला होता. अर्जदाराने ऐकले नाही.

आपल्या फेरसुनावणीच्या निरोपाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,

(सही) चंदू राघो केणे
जन्म : तंबू, शहाड
दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. कोतवाल बुकातील उताऱ्याची प्रत.
२. प्रवेशपत्राची प्रत (कु. जागृती).
३. चौकशी अहवालाच्या पान १ व ३ च्या प्रती, ओळी अधोरेखित करून.
४. साक्षीदाराचा जबाब, याच कागदाच्या मागील बाजूस.

(मागील बाजू)

साक्षीदार : सौ. मालू चंदू केणे, वय ६६, अर्जदाराची पत्नी, माहेर कोलशेत.

सही करण्यापूर्वी अर्ज घरातल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचण्यात आला. सातवे कलम ऐकल्यावर साक्षीदाराने निवडायला घेतलेली भाजी बाजूला ठेवली आणि मलाही लिहून द्यायचे आहे असे सांगितले. फोटोची हकिगत त्यांना आजवर ठाऊक नव्हती. त्यांचा जबाब त्यांच्याच शब्दांत :

“माजा बापूस लगीन ठरवाच्या आदी सवता शहाडला आलता. पाहुने यावाच्या आठ दिवस आदी. कोनाला सांगला नाय. तंबू बगला, तिथं सिनेमा बी बगला. मामंजींनीच त्याचा तिकीट फाडला, पन यो कोन हाय त्यांना कुठं म्हायती? घरा येऊन मना बोलला, मालू, तंबू म्हंजे सिनेमा हाय गो, आपलीच मानसा हायेत, सासरा फाटकाव उबा ऱ्हातो. रोज सिनेमा बगशील. मी त्यासाठीच हो बोलले. लगीन झाल्याव मी वाट बगत व्हते, आज नेतील, उद्या नेतील. हे मना कदी तंबून घेऊन गेलं नाय. मना वाटला, यांना सिनेमा आवडत नसंल.”

वरील जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे असे साक्षीदाराने सांगितले व सही केली. अर्जदार त्या वेळी घरात हजर होते.