साबणाचं बूच

प्रिय बबन,

तू गेलास तेव्हा मी पत्र लिहायला बसले नाही. रडत बसण्यापेक्षा कामं बरी, हे तुला माहीत आहे. आज लिहिते आहे, कारण सकाळी तुझ्या ट्रॅक्टरच्या पोटाखालून मी साबण काढला. अंगाला लावायचा, गुलाबी! हे तुझ्याशिवाय कोणाला विचारू?

ट्रॅक्टर अंगणात आहे, गिअरबॉक्स रिकामा. तुझी कांता गिअरबॉक्सच्या तळाचा, ऑईल काढायचा मागचा नट पदराला बांधून खैरलांजीला गेली आहे, तसाच नवा आणायला. समोर बाजेवर तुझा चुलतभाऊ दशरथ बसला आहे. दिवस मावळेपर्यंत ट्रॅक्टर चालू झाला नाही, तर शेत त्याला ठेक्याने देईन, असं कांता त्याला बोलून बसली आहे.

असं कबूल करतात का रे? पण तिचा धीरच सुटला होता. वाफ्यातले धानाचे पऱ्हे हातभर वाढलेत. उद्या रोवण्याच्या बाया येणार. धानाच्या बांधीत चिखल तयार नसेल तर त्या दुसऱ्याकडे जातील.

तू तिला कधी स्टिअरिंगला हात लावू दिलास? या पावसाळ्यात ती आपली आपण शिकली. दोन बांध्या चिखलल्या. तिसरीत गिअर घरघरू लागले, मागची लिफ्ट रोटाव्हेटर उचलेना. दशरथ गावभर सांगत सुटला, "बाईच्या हाती देल्लं, आता भोगा!" आणि तिलाही ते पटलं. फोनवर म्हणाली, "ताई, त्यायचा जीव होता ट्रॅक्टरात. म्या खराब केलं."

रोवण्याच्या दिवसांत मिस्त्री कुठला मिळतो? ऑईलचे डबे घेऊन मी बालाघाटहून पहिल्या बसने आले. ट्रॅक्टरबरोबर आलेलं पुस्तक वाचलं आणि जुनं ऑईल काढलं. दिसायला दूध घातलेला चहा! म्हणजे आत पाणी. कुठून गेलं? खालचा चिखल खरवडला, तर मागच्या नटाभोवती सुतळी, आणि आट्यांत साबण. नटाचे कोपरे छिन्नीने मारून मारून गोल केलेले. हात तुझाच.

अरे शहाण्या, डिझेलच्या टाकीची गळती बुजवायला साबण चालतो, डिझेलमध्ये तो विरघळत नाही. बांधीतल्या पाण्यात त्याचं काय होणार? बी.एस्सी. झालेली बहीण होती ना तुला? एक फोन करायचा होतास!

कांताला तो साबण दाखवला. तिने त्याचा वास घेतला. मग हसली, तू गेल्यावर पहिल्यांदाच. "हा आणाले मलेच धाडलं होतं," म्हणाली. "मले वाटलं, पाव्हणे येऊन राह्यले!"

दशरथची बडबड चालूच आहे. "ताई, काहून हात काळे करता? बायकांचं काम नाही हे. ट्रॅक्टरबी मीच घेऊन घेतो. चहा तरी पाजा." मी म्हटलं, दूध संपलं. दूध आहे.

सूर्य आंब्याच्या खाली गेला. हिची बस चुकली तर?

थांब. बसचा हॉर्न वाजला.

आता दिवे लागलेत. कांता आली ती तशीच पदर खोचून ट्रॅक्टरखाली शिरली. दशरथ वाकून म्हणाला, "वहिनी, मंग काय ठरलं?" खालून आवाज आला, "भाऊजी, बाजूले सरका. उजेड अडून राह्यला."

नट बसला, खाली तांब्याचा वायसर. ऑईल भरलं. तिने ट्रॅक्टर चालू केला, लिफ्टचा दांडा ओढला. काहीच नाही! दशरथ हसला. तिने दांडा खाली केला, थांबली, पुन्हा ओढला. रोटाव्हेटर थरथरला आणि हळूहळू वर आला. दशरथ चपला शोधू लागला.

खाली कोरडं पोतं अंथरलं आहे. अजून एक थेंब पडलेला नाही. शेत कांताकडेच राहिलं, बबन. आणि ट्रॅक्टर तिने बिघडवला नव्हता, हे उद्या मी बाया जमल्या की मोठ्याने सांगणार आहे. तुझं नाव घेऊन!

वचन एकच देते. उद्या ती बांधीत उतरेल तेव्हा मी कडेला धुऱ्यावर उभी असेन. वळण चुकलं, चाक रुतलं, तरी मी ओरडणार नाही. तू मला ओळखतोस. याहून मोठं वचन माझ्याकडे नाही.

अजून रागावलेली,
तुझी ताई